नवा ट्रॅक्टर: ताब्यात घेताना, जुळवताना आणि चालवताना. सोलापूर जिल्ह्यातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीची पुस्तिका सगळ्या देशासाठी छापलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, मळणीच्या दिवसांत हवेत भुसा आणि धूळ असते, जमीन काळी आणि चिकट, आणि गळीत हंगामात निम्मं काम शेतात नाही तर डांबरी रस्त्यावर होतं. त्यामुळे पुस्तिकेतलं वेळापत्रक इथे बऱ्याच ठिकाणी आवळावं लागतं. खालची उत्तरं ३५ ते ५० एचपीचा डिझेल ट्रॅक्टर धरून दिली आहेत. डाळिंब-द्राक्षाच्या छोट्या ट्रॅक्टरबद्दल जिथे वेगळं आहे तिथे तसं लिहिलं आहे. हवेचा दाब, ऑइलचं माप असा एखादा आकडा तुमच्या पुस्तिकेशी जुळला नाही तर पुस्तिकेतला आकडा धरा.

## ताब्यात घेताना

शोरूममधून ट्रॅक्टर उचलण्याआधी काय तपासायचं?

सर्वांत आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. बिलावरचे, विम्यावरचे आणि ट्रॅक्टरवर ठोकलेले नंबर एकेक अक्षर लावून बघा. एका अंकाची चूक नोंदणीच्या वेळी महिनाभर हेलपाटे घालायला लावते.

मग टायर. टायरच्या बाजूवर एक चार आकडी शिक्का असतो. ‘१२२५’ असेल तर तो २०२५ सालच्या बाराव्या आठवड्यात बनलेला आहे. चारही टायर साधारण एकाच काळातले असावेत, आणि वर्ष-दीड वर्ष उन्हात उभा राहिलेला ट्रॅक्टर नवा म्हणून घेऊ नये. बॅटरीवरचीही तारीख बघा. तासमीटरवर दोन-चार तास असणं ठीक आहे. त्याहून बरेच जास्त दिसले तर तो प्रात्यक्षिकाला फिरवलेला आहे का, हे सरळ विचारा.

इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी, रेडिएटरची पातळी आणि गिअरबॉक्स-हायड्रॉलिकचं ऑइल स्वतः बघा. ट्रॅक्टर सुरू करून पाच मिनिटांनी ऑइल प्रेशरचा दिवा विझलेला, चार्जिंगचा दिवा विझलेला आणि खाली जमिनीवर एकही थेंब नाही, एवढं नक्की करा. लिफ्ट वर-खाली करा, पीटीओ (औजाराला फिरती ताकद देणारा मागचा दांडा) लावून-काढून बघा, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. टूलबॉक्स, टॉप लिंक (औजार जोडायचा वरचा दांडा), हुक, पीटीओवरचं झाकण आणि मराठी पुस्तिका गाडीबरोबरच घ्या. ‘उद्या पाठवतो’ म्हटलेलं झाकण सहसा येत नाही, आणि ते झाकण किती मोलाचं आहे हे पुढे पीटीओच्या प्रश्नात आहे.

कोणते कागद लागतात?

विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, कंपनीचं रस्त्यायोग्यतेचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२, नोंदणीचा अर्ज फॉर्म २०, विमा, पत्त्याचा पुरावा, आणि बँकेचं कर्ज असेल तर त्याच्या नोंदीचा अर्ज. सोलापूरच्या आरटीओकडे नोंदणी झाली तर क्रमांक एमएच १३ने सुरू होतो. अकलूज कार्यालयाकडे येणाऱ्या गावांना एमएच ४५ मिळतो. नोंदणी शेतीच्या कामासाठी आहे की भाड्याच्या वाहतुकीसाठी, हे अर्जातच स्पष्ट होतं. दुसऱ्याचा ऊस भाड्याने ओढायचा असेल तर विमा काढतानाच तसं सांगा. शेतीच्या विम्यावर भाड्याचा अपघात झाला की दावा अडकतो.

शासनाचं अनुदान घ्यायचं आहे. आधी ट्रॅक्टर घेऊन मग अर्ज केला तर चालेल?

नाही. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज, निवड, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. दुकानदार ‘बिल नंतर करू’ म्हणाला तरी त्या वाटेला जाऊ नका.

परवाना कोणता?

हलक्या मोटार वाहनाचा परवाना, वय अठरा पूर्ण. स्वतःच्या शेतातला अपघातही तितकाच खरा असतो, म्हणून ‘बांधाच्या आत आहे’ म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या हातात चाक देऊ नये.

## पहिले ५० तास

नव्या इंजिनावर किती ओझं टाकायचं?

पहिले ५० तास मध्यम ओझं. पेरणी, कुळवाची पाळी, हलकी ट्रॉली ही कामं उत्तम. खोल पलटी नांगर, उसाचा खोडवा मोडणं, भरलेल्या दोन ट्रॉल्या ही कामं नंतर. थ्रॉटल एकाच जागी तासन् तास ठेवू नका; गिअर आणि वेग बदलत राहा. इंजिन घरघरायला लागलं, काळा धूर काढू लागलं की एक गिअर खाली घ्या.

उलटी चूकही तेवढीच होते. ‘नवा आहे, जपून’ म्हणून बरेच जण तो नुसता मंद फिरवत ठेवतात, किंवा पूजा झाल्यावर तासभर दारात चालू ठेवतात. पिस्टनच्या रिंगा लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या अस्तरावर) नीट बसायला सिलिंडरमध्ये दाब लागतो, आणि दाब येतो ओझ्यामुळे. ओझंच नसेल तर लायनर काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंगा बसत नाहीत, आणि ट्रॅक्टर पुढे आयुष्यभर ऑइल पितो. निळा धूर दिसायला लागेपर्यंत कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

सुरू करताना आणि बंद करताना काय पाळायचं?

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. नाही सुरू झाला तर अर्धा ते एक मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टरची मोटर आणि बॅटरी दोन्ही जातात. सुरू झाल्यावर मिनिट-दोन मिनिटं मंद चालू द्या, मग ओझं. टर्बो असलेला ट्रॅक्टर जोराच्या कामानंतर लगेच बंद करू नका. एक-दोन मिनिटं मंद फिरू द्या. इंजिन थांबलं की टर्बोला ऑइल पोचणं थांबतं, पण टर्बो अजून फिरत असतो आणि लाल तापलेला असतो.

पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून काय करून घ्यायचं?

बहुतेक कंपन्यांची पहिली सर्व्हिस ५० तासांच्या आसपास असते. ती चुकवू नका. नवे गिअर, नवे बेअरिंग घासले जातात, तो धातूचा बारीक चुरा पहिल्याच ऑइलमध्ये येतो. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या, हायड्रॉलिकची जाळी किंवा फिल्टर साफ करून किंवा बदलून घ्या. चाकांचे सगळे नट, पुढच्या एक्सलचे बोल्ट, हेड आणि मॅनिफोल्डचे बोल्ट आवळून घ्या. टॅपेटचं अंतर, फॅनचा पट्टा, क्लचचा आणि ब्रेकचा मोकळा खेळ तपासून घ्या. आणि हे सगळं समोर उभं राहून. कूपनवर सही झाली म्हणजे बोल्ट आवळले गेले असं नाही.

चाकांचे नट मात्र सर्व्हिसिंगपर्यंत थांबवू नका. पहिल्या दिवशी, मग दहा तासांनी, मग दर आठवड्याला पान्याने बघा. नव्या रिमवरचा रंग दबतो आणि नट ढिले होतात.

ऑइल कोणतंही चालतं का?

इंजिनमध्ये आपल्या हवेला १५डब्ल्यू-४० हे सामान्यतः चालतं. गिअरबॉक्स, हायड्रॉलिक आणि ऑइलमधले ब्रेक यांचं ऑइल बहुतेक ट्रॅक्टरमध्ये एकच असतं आणि ते खास प्रकारचं असतं. त्यात इंजिन ऑइल ओतलं तर ब्रेक कुरकुरतात, मग पकडत नाहीत. पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे नियम लागू आहेत. त्यात येणाऱ्या कॉमन रेल (एका सामाईक नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) इंजिनात रॉकेलमिश्रित किंवा ड्रममधलं गाळ असलेलं डिझेल अजिबात चालत नाही. इंजेक्टरचा खर्च एका मोसमाच्या डिझेलएवढा होऊ शकतो.

## शेताला जुळवणं

टायरमध्ये हवा किती?

मागच्या १३.६-२८ टायरमध्ये शेतकामाला साधारण १२ ते १४ पीएसआय, भरलेल्या ट्रॉलीसह रस्त्यावर १६ ते २०. पुढच्या ६.००-१६ टायरमध्ये २६ ते ३० च्या दरम्यान. शेतात हवा जास्त ठेवली तर टायर जमिनीला कमी टेकतो, चाक घसरतं आणि काळी जमीन चाकाखाली जास्त खोलवर दबते. रस्त्यावर हवा कमी ठेवली तर टायरच्या बाजू तापून फाटतात. दाब सकाळी टायर थंड असताना मोजा. दुपारच्या उन्हात मोजलेला आकडा फसवा असतो.

मागच्या टायरमध्ये पाणी भरावं का?

आधी चाक किती घसरतं ते मोजा, मग ठरवा. मागच्या चाकावर खडूने खूण करा. औजार उचलून, त्याच शेतात, चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते फीत लावून मोजा. मग औजार जमिनीत नेहमीच्या खोलीवर लावून पुन्हा दहा फेऱ्या. रिकाम्याला ४० मीटर आणि ओझ्यासह ३५ मीटर भरले तर घसरण साडेबारा टक्के. दहा ते पंधरा टक्के चांगलं. वीसच्या वर गेलं तर वजन कमी आहे, म्हणजे डिझेल आणि टायरचे खिळे फुकट झिजताहेत. आठच्या खाली असेल तर वजन जास्त आहे, काढा.

वजन वाढवायचं तर व्हॉल्व्ह सर्वांत वर आणून, जॅकवर चाक उचलून, व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंतच पाणी भरा. तेवढ्याने टायर सुमारे पाऊण भरतो. वरचा भाग हवेसाठी मोकळा हवा. पूर्ण भरलेला टायर धक्का झेलत नाही. १३.६-२८ टायरमध्ये दीडशे लिटरहून जास्त पाणी बसतं, म्हणजे एका चाकामागे दीडशे किलोपेक्षा जास्त वजन. दोन्ही चाकांत सारखं भरा. आणि गळीत हंगामात रस्त्यावरच चालवायचा असेल तर पाणी काढून टाका.

पुढचं चाक उचलतंय. काय करायचं?

पुढे वजनाच्या पाट्या लावा. मागे औजार उचललेलं असताना एकूण वजनाच्या किमान वीस टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा, नाहीतर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. बोनेटवर माणूस बसवणं हा यावरचा उपाय नाही.

डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या ओळीत बसेल का?

ओळींतलं अंतर आणि फांद्यांची पसरण मोजून मग ट्रॅक्टर निवडा. सांगोला, पंढरपूरकडच्या डाळिंबात ओळी १४-१५ फुटांवर असल्या तरी झाड पसरल्यावर मधली वाट निम्मी उरते. द्राक्षात ९-१० फुटांच्या ओळीत छोटाच ट्रॅक्टर हवा. मागच्या चाकांची रुंदी रिम उलटी लावून, पुढची एक्सलची पिन काढून भोकं बदलून कमी-जास्त होते. रुंदी कमी केली की ट्रॅक्टर बाजूला कलंडण्याचा धोका वाढतो. बागेसाठी अरुंद केलेला ट्रॅक्टर तसाच बांध ओलांडायला नेऊ नका.

औजार जोडण्याचा क्रम?

आधी डावी खालची लिंक, मग उजवी, कारण उजवीला उंची बदलायचा स्क्रू असतो. शेवटी टॉप लिंक. काढताना बरोबर उलट. पिनला प्रत्येक वेळी लिंच पिन लावाच. तारेचा तुकडा किंवा खिळा नको. जोडल्यावर मागे उभं राहून औजार डावीकडून उजवीकडे समांतर आहे का बघा, मग बाजूने बघून टॉप लिंकने पुढचं-मागचं समांतर करा. नांगर नाक खुपसून चालत असेल तर टॉप लिंक आखूड झाली आहे.

रोटाव्हेटरचा शाफ्ट लांब पडतो. कापायचा कसा?

नव्या रोटाव्हेटरमधली बहुतेक मोडतोड इथूनच सुरू होते. शाफ्ट लांब असताना लिफ्ट उचलली की तो दोन्ही बाजूंना दाबतो आणि पीटीओचं बेअरिंग किंवा रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स फोडतो. फार आखूड कापला तर खड्ड्यात औजार खाली जाताना शाफ्ट निघून येतो आणि फिरता लोखंडी दांडा मोकळा सुटतो.

रोटाव्हेटर जोडा, इंजिन बंद, चावी काढून खिशात. शाफ्टचे दोन भाग वेगळे करा. एक पीटीओला, दुसरा रोटाव्हेटरला लावा. पीटीओ बंद ठेवूनच इंजिन सुरू करा, लिफ्ट हळूहळू वर-खाली करून दोन टोकं सर्वांत जवळ कुठे येतात ते शोधा, तिथेच थांबा आणि इंजिन पुन्हा बंद करा. दोन्ही भाग शेजारी-शेजारी धरा. प्रत्येक नळीचं टोक समोरच्या जोडापासून २५ मिलिमीटर अलीकडे राहील अशी खूण करा. आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही प्लास्टिकचं आवरण सारख्याच मापाने कापा. कापलेल्या कडा कानशीने घासा, आत-बाहेर पुसा, ग्रीस लावा. मग औजार सर्वांत लांब जाईल त्या स्थितीत बघा: दोन नळ्या किमान एक तृतीयांश लांबी एकमेकींत असायला हव्यात आणि १५० मिलिमीटरपेक्षा कमी नकोत. दोन्ही टोकांचे योक (दुफाट्यासारखे जोड) एकाच रेषेत बसले आहेत ना, हेही बघा. एक आडवा, एक उभा बसला तर सगळं औजार थरथरतं आणि क्रॉस (योकमधला फुलीसारखा जोड) महिन्यात जातो.

चालताना बांधावर वळण घेताना पीटीओ बंद करून मग उचला. शाफ्टला फार मोठा कोन पडला की क्रॉस फुटतो. पात्यांचे बोल्ट पहिल्या दोन-तीन तासांनी आणि नंतर रोज आवळा. गिअरबॉक्सचं ऑइल पातळीच्या बोल्टपर्यंत आहे का ते पहिल्या दिवशीच उघडून बघा. बरीच नवी औजारं अपुऱ्या ऑइलवर दिली जातात.

पाऊस पडून गेल्यावर लगेच रोटाव्हेटर मारला तर?

वाफसा येऊ द्या. काळ्या जमिनीत ओलीवर पाती फिरली की वरचं बारीक होतं आणि खाली पात्यांच्या तळाला एक घट्ट थर बसतो. तो थर पुढच्या पावसाचं पाणी खाली जाऊ देत नाही, ज्वारीची मुळंही तिथेच थांबतात. मंगळवेढ्यासारख्या भारी जमिनीत हा थर दोन-तीन वर्षं त्रास देतो. मूठभर माती दाबून सोडल्यावर ती फुटली पाहिजे. लाडू झाला तर अजून दोन दिवस थांबा. मुरमाड, दगडी रानात मात्र रोटाव्हेटर मुळातच कमी वापरा, तिथे कुळव आणि फणाचं औजार बरं.

## धूळ आणि ऊन

एअर क्लीनर किती दिवसांनी साफ करायचा?

मळणी, रोटाव्हेटर, उन्हाळी नांगरट या कामांत रोज बघा. ऑइलवाला असेल तर वाटी काढा, तळाला चिखलाचा थर जमला असेल तर ते ऑइल ओतून टाका, वाटी डिझेलने धुवा, नवीन ऑइल फक्त खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ऑइल आत ओढतं आणि निळा धूर काढतं. त्यात जुनं काळं ऑइल भरणं म्हणजे गाळलेली धूळ परत इंजिनाला देणं.

कोरड्या फिल्टरचा बाहेरचा भाग कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंका. चाकावर आपटू नका, कागद फाटतो आणि ते दिसतही नाही. आतला छोटा सुरक्षा फिल्टर कधीही फुंकायचा किंवा धुवायचा नाही, फक्त बदलायचा. एअर क्लीनर ते इंजिन या रबरी नळीची क्लिप ढिली असेल तर वरची सगळी मेहनत वाया जाते. एका मोसमात लायनर खराब करायला तेवढी फट पुरते.

दुपारी इंजिन तापतं.

आधी रेडिएटरची बाहेरची जाळी बघा. ज्वारीची कोंडी, पाचटाचे तुकडे तिथे चिकटतात. फॅनच्या बाजूने बाहेर फुंका, उलट फुंकलं तर घाण आणखी आत बसते. मग फॅनचा पट्टा. मग पातळी. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये भरू नका. आपल्याकडचं पाणी क्षारांचं असतं आणि आत पापुद्रे धरतं. तयार कूलंट किंवा शुद्ध पाण्यात मिसळलेलं कूलंट भरा. काटा लाल पट्ट्यात गेला तर ओझं काढा, इंजिन मंद चालू ठेवा, काटा उतरू द्या. झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनसुद्धा नाही.

डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला. भरल्यावरही सुरू होत नाही.

लाइनमध्ये हवा धरली आहे. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करा, हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला तेच करा. कॉमन रेल इंजिनात पुस्तिकेत दिलेल्या जागेशिवाय काहीही ढिलं करू नका. त्या नळ्यांतला दाब कातडी फाडतो. टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरून ठेवली तर रात्री आत पाणी धरत नाही.

धुराच्या रंगावरून काय कळतं?

काळा: ओझं जास्त किंवा हवा कमी, म्हणून एअर क्लीनर आधी बघा. निळा: ऑइल जळतंय. पांढरा थंडीत सुरुवातीला चालतो. गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरची पातळी उतरत असेल तर हेड गॅस्केट दाखवा.

## जीव वाचवणाऱ्या गोष्टी

ट्रॅक्टर मागे उलटतो म्हणजे नेमकं काय होतं?

मागची चाकं अडकली आणि इंजिन जोर लावत राहिलं की चाकं फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच एक्सलभोवती फिरतो. पुढचा भाग उचलतो आणि चालकावर येतो. याला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. पाय क्लचपर्यंत पोचत नाही.

हे दोन वेळा होतं. एक, साखळी किंवा दोर टॉप लिंकच्या जागी, एक्सलला किंवा सीटखाली बांधल्यावर. ओढायचं काहीही असो, फक्त खालच्या हुकाला किंवा ड्रॉबारला. दोन, चिखलात रुतल्यावर. उजनीच्या काठच्या, भीमा-सीनेच्या मळीच्या रानात हे दर पावसाळ्यात होतं. रुतलेल्या मागच्या चाकाला लाकडाचा ओंडका बांधून पुढे काढायची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, आणि तीच सर्वांत धोक्याची आहे: ओंडका जमिनीत अडतो, चाक थांबतं, ट्रॅक्टर उठतो. त्याऐवजी औजार सोडा, चाकापुढची आणि मागची माती खणा, शक्यतो रिव्हर्समध्ये काढा. रिव्हर्समध्ये पुढचा भाग उचलत नाही. नाही निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने पुढून, लांब दोराने, हळू ओढा, आणि दोराच्या आसपास कुणालाही उभं करू नका.

दोन ब्रेक वेगळे का असतात? कधी जोडायचे?

शेतात आखूड वळणासाठी. रस्त्यावर निघताना दोन्ही पेडल कडीने जोडलेच पाहिजेत. तीस किलोमीटरच्या वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला की ट्रॅक्टर झटक्यात वळून पलटतो.

बांध, विहीर, ओढा: किती लांबून जायचं?

खोली जेवढी तेवढं अंतर. चर दोन मीटर खोल असेल तर कडेपासून किमान दोन मीटर. विहिरीच्या कडेची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात सुटते, तिथे याहूनही लांब राहा. उतारावर शक्यतो वर-खाली चाला, आडवं नको. उतरताना आधीच खालचा गिअर टाका. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून सोडलेला ट्रॅक्टर भरलेली ट्रॉली पुढे ढकलते आणि मग तो आवरत नाही.

वरची लोखंडी कमान आणि सीटबेल्ट खरंच लागतात?

हो, आणि दोन्ही एकत्र. कमान असेल तर बेल्ट बांधा, म्हणजे पलटताना तुम्ही कमानीच्या आतच राहता. कमान नसेल तर बेल्ट बांधू नका. डाळिंबात फांद्या लागतात म्हणून दुमडणारी कमान घ्या. बागेत दुमडा, बाहेर पडताच उभी करा.

पीटीओपासून किती जपायचं?

मिनिटाला ५४० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरणं, पदर, ओढणी, पायजम्याची नाडी पकडली की हात काढायला वेळ नसतो. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण आणि त्याची साखळी फुटली की लगेच बदला. फिरता शाफ्ट कधीही ओलांडू नका, वळसा घालून जा. मळणी यंत्रात अडकलेली कणसं काढायला आधी पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, मग हात. रिकामा पीटीओ असेल तेव्हा झाकण लावलेलं असू द्या.

मडगार्डवर पोरांना बसवलं तर?

बसवू नका, एका फेरीपुरतंही नाही. मडगार्डवरून पडणारा थेट मागच्या चाकाखाली किंवा रोटाव्हेटरमध्ये जातो. मागे घेताना उतरून बघा. ट्रॅक्टरच्या मागे मुलं खेळत असतात आणि सीटवरून ती दिसत नाहीत.

गळीत हंगामात ऊस ओढताना?

नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने सोलापूर-पुणे, सोलापूर-विजयपूर हे महामार्ग आणि कारखान्यांचे सगळे रस्ते ट्रॉल्यांनी भरलेले असतात. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलीला उसाचं लोंबणारं टोक दिसत नाही. ट्रॉलीच्या मागे चालू दिवा, लाल परावर्तक पट्टी मागे आणि दोन्ही बाजूंनी, चिखल पुसून. उसाची टोकं बाहेर आलेली असतील तर कोयत्याने छाटा. ट्रॉलीच्या हुकाला पिन, पिनला लॉक, आणि वेगळी सुरक्षा साखळी. शक्य असेल तर ब्रेक असलेलीच ट्रॉली घ्या.

ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर लावू नका. मागचा हॉर्न ऐकू येत नाही. रस्त्यात बंद पडला तर ट्रॉलीमागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवा. चाकांना लावलेले दगड जाताना उचलून बांधाला टाका. रस्त्यात राहिलेल्या त्या दगडांवर दुचाकीवाले जीव गमावतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडच्या रस्त्यांवर दिंड्या पायी चालतात, त्या दिवसांत रात्रीची वाहतूक टाळलेलीच बरी.

डंपिंग ट्रॉली विजेच्या तारेला लागली तर?

सीट सोडू नका, लोखंडाला आणि जमिनीला एकाच वेळी हात-पाय लावू नका. वीज बंद होईपर्यंत बसून राहा, लोकांना लांब ठेवा. आग लागली आणि उतरणं भागच असेल तर दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारा, मग पाय न उचलता छोटी-छोटी पावलं सरकवत दूर जा. ट्रॉली वर असताना तिच्याखाली काम करायचं तर भक्कम टेकू लावूनच. हायड्रॉलिकची नळी फुटली की ती एका क्षणात खाली येते.

औजाराला वेल्डिंग मारायचं आहे, काढायला वेळ नाही.

किमान बॅटरीची वायर काढा, आधी निगेटिव्ह. नाहीतर अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. अर्थची पकड वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा, म्हणजे करंट ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधून जाणार नाही.

उन्हाळ्यात दोन महिने उभा ठेवायचा आहे.

धुऊन, सगळ्या निपलांना जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत नवं ग्रीस मारा: सेंटर पिन, किंगपिन, टाय रॉड, लिफ्टचे रॉड, पेडल. टाकी पूर्ण भरा. औजार जमिनीवर ठेवा, लिफ्ट खाली सोडा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टायरमध्ये हवा भरलेली असू द्या, शक्यतो छपरात, टायरवर ऊन नको. क्लच दाबून ठेवायची कडी असेल तर ती लावा, नाहीतर क्लच प्लेट चिकटते. पंधरा दिवसांनी एकदा बॅटरी जोडून, सुरू करून, थोडं अंतर चालवून पुन्हा ठेवा. नुसता उभ्या जागी चालू करून बंद करू नका.